पालखी न थांबता पुढे गेली

दोन-तीन वर्षांपूर्वी शिमग्याला कोकणातल्या एका गावात होतो. पालखी घरोघर चालली होती. एका घराचं अंगण ताजं सारवलेलं, दारात रांगोळी, उंबऱ्याशी एक बाई ओटीचं ताट घेऊन उभी. ढोल त्या घराजवळ आला आणि पालखीवाल्यांनी पावलं उचलली. पालखी सरळ पुढच्या अंगणात. बाई ताट धरून जराशी तशीच उभी राहिली, मग आत गेली. शेजारच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्यांचं गावकीशी नाही." झालं. जमिनीच्या वादात गावकीचा निवाडा बाजूला सारून हे कुटुंब कोर्टात गेलं होतं. गावकीने दंड लावला, यांनी भरला नाही.

असं वाळीत टाकणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मंजुरीचा मुहूर्त योगायोगाचा नसावा. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली होती आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना पुढे ठेवला होता. दाणापाणी, मजुरी, रस्ता बंद केला की हात न उचलता माणूस कसा वाकवता येतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा असताना हा वेगळा कशाला, असं मला अजूनही विचारलं जातं. तो कायदा दलित-आदिवासींना इतरांच्या अत्याचारापासून वाचवतो. जातीतलीच पंचायत जातीतल्याच माणसाला वाळीत टाकते, तिथे त्याचा हात पोचत नाही. ही पोकळी २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायतविरोधी मोहिमेने चव्हाट्यावर आणली. त्याआधी मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यालाच बंदी घातली होती, पण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या बाजूने निकाल देत तो कायदा रद्द केला. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

नव्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना गाव ठाऊक होतं, एवढं मान्य करायला हवं. लग्न, मयत, पूजा यांत आडकाठी तर आहेच, पण एका घरातल्या पोरांबरोबर आपल्या पोरांना खेळू न देणं हेही त्यांनी बहिष्काराच्या व्याख्येत घातलं. असं कलम मंत्रालयातल्या टेबलावर सुचत नाही. कुणीतरी आपल्या पोराला अंगणात एकटं खेळताना पाहिलेलं असणार.

पण सिद्ध कसं करायचं? पंचांनी ठराव लिहून ठेवलेला नसतो. बैठक देवळात होते, विषय वर्गणीचा असतो. दुकानदार म्हणतो, साखर संपली. भटजी म्हणतात, त्या दिवशी दुसरीकडे बोलावणं आहे. साक्ष द्यायची ती त्याच गावात राहणाऱ्याने, म्हणजे पुढचा नंबर आपला हे माहीत असलेल्याने. खटला आरोपपत्रापासून सहा महिन्यांत संपवायचा, असं कायदा म्हणतो. फिर्यादीला मात्र त्या सहा महिन्यांतला प्रत्येक दिवस त्याच पाणवठ्यावर काढायचा असतो.

माझा खरा आक्षेप तडजोडीच्या तरतुदीवर आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असली की हा गुन्हा मिटवता येतो. भावाभावांच्या बांधाच्या भांडणात हे ठीक आहे. इथे शे-दीडशे घरं एका बाजूला आणि एक घर दुसऱ्या बाजूला, मग त्या 'संमती'ला अर्थ किती? बहिष्काराचा हेतूच मुळी माणसाला हो म्हणायला लावणं हा आहे. परवानगी देण्याआधी न्यायाधीशांनी फिर्यादीला पंचांच्या माघारी एकच प्रश्न विचारावा: पैसे कुणी कुणाला दिले? या कायद्यात बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याचं पद आहे. त्याने गावात जाऊन अहवाल द्यावा, त्यानंतरच फाईल मिटावी. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

त्या घरी मी पुढच्या वर्षी गेलो. पालखी आली होती म्हणाले, पोलिसांत दिलेला अर्जही मागे घेतला होता. आता सगळं ठीक आहे, असं घरधनी दोनदा म्हणाले. बाईंनी चहा ठेवला आणि देवघरातल्या डब्याखालून घडी घातलेली पावती काढून माझ्या हातात दिली. रक्कम तीच, गावकीने लावलेल्या दंडाइतकी. वर छापलं होतं: मंदिर जीर्णोद्धारासाठी स्वखुशीने दिलेली देणगी.