भट्टीआधीचा कागद

वडूजच्या स्टँडवर गावी आलेला गलाईवाला भेटला, की पावसापाण्यानंतर विषय निघतो तो कराच्या नोटिशीचा. खटाव, माण, खानापूर, आटपाडीची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. सोन्याचा कस त्यांना बिनचूक कळतो. कागदाचा कस मात्र ‘सीए बघतील’ म्हणून सोडलेला. म्हणून हा अंक करसल्लागारावर. १९६१च्या जागी नवा आयकर कायदा येण्याची तारीख १ एप्रिल २०२६. ८१९ कलमांची ५३६ झाली. सल्लागारालाही पुन्हा पाटी गिरवणं आलंच!

विवरणपत्र भरून देणाऱ्यापेक्षा सौद्याआधी ‘थांबा’ म्हणणारा आम्हाला महत्त्वाचा वाटला. लगड गिऱ्हाइकाची की आपली, यावर जीएसटी मजुरीवर की पूर्ण किमतीवर, हे ठरतं. एका व्यवहारात दोन लाख रोख घेतले, तर दंडही तेवढाच. कंपन्यांत कराची अशी जोखीम संचालक मंडळापुढे जाते. कारण खटला जिंकूनही ती संपत नाही: व्होडाफोन करवादात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकली, तरी त्याच वर्षी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला. आपल्याकडे मंडळ म्हणजे गल्ल्यामागचे दोघे भाऊ. तुमच्या सल्लागाराने कधी सौदा अडवला असेल, तर जरूर कळवा. नाव छापणार नाही.