बुरशीने रंगवलेले तांदूळ

पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या पावावर बुरशी आली की आपण नाक मुरडून तो टाकून देतो. बरोबरच आहे! पण चीनमध्ये शेकडो वर्षांपासून लोक भातावर मुद्दाम बुरशी वाढवतात, हे ठाऊक आहे का?

या बुरशीचं नाव मोनॅस्कस पर्प्युरिअस. तांदूळ भिजवून, वाफवून गार करायचे आणि त्यांना तिचं विरजण लावायचं. उबदार, दमट जागी ठेवून मधून मधून वरखाली करायचे. बुरशी दाण्यातला पिष्टमय पदार्थ खाते आणि वाढता वाढता रंग तयार करते. काही दिवसांत दाणा गडद लाल होतो. मग तो वाळवतात. टोफू, मांस, तांदळाचं मद्य यांना त्यानेच लाल रंग येतो. ली शिझेन या वैद्यांच्या १५९६ साली छापलेल्या ग्रंथात त्याची औषध म्हणूनही नोंद आहे.

आता गंमत पाहा. १९७९ साली जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांना याच कुळातल्या एका बुरशीत ‘मोनॅकोलिन के’ हे द्रव्य सापडलं. आपलं यकृत कोलेस्टेरॉल बनवतं, त्या कामाला ते लगाम घालतं. लोवास्टॅटिन नावाचं औषध म्हणजे हेच द्रव्य! १९८७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मग लाल तांदूळ खाऊनच बरं व्हावं की! थांबा. या बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन नावाचं विषही बनवतात. ते मूत्रपिंडाला घातक असतं. शिवाय कुठल्या दाण्यात औषध किती, हे डोळ्यांना दिसत नाही. २०२४ साली जपानमध्ये लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडं बिघडली. तपासात निळ्या बुरशीचं एक विषारी द्रव्य त्यात सापडलं. नको असलेली पाहुणी कारखान्यात शिरली होती!

म्हणजे बुरशी रंग देते, औषध देते आणि विषही देते. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ असं नसतं. म्हणून हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही हं! आणि आजी-आजोबा कोलेस्टेरॉलसाठी एखादी ‘नैसर्गिक’ गोळी घेऊ लागले, तर त्यांना लाडाने विचारा, “डॉक्टरांना विचारलंत ना?”