हार्मोनच्या गोळीवरचा इशारा निघाला, पण कोणासाठी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन औषधांवरचा हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दलचा ठळक इशारा काढायचं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये एकच सवाल, "मग आता घ्यायला हरकत नाही ना?"

हा इशारा आला होता २००२ च्या अभ्यासावरून. १६,६०८ बायका, त्यातल्या निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची रोजची गोळी. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) उतरलं, चांगलं (एचडीएल) वाढलं. रिपोर्ट बघून कोणीही खूश होईल! पण हृदयविकार कमी झाला नाही. उलट दर दहा हजार बायकांमागे वर्षाला सात जणींना जास्त झाला, रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. हाडांना मात्र खरा फायदा झाला, खुब्याची फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशाने घटली.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आपल्याकडे पाळी ४६-४७ च्या आसपासच जाते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत औषध सुरू केलं, तर धोका बराच कमी दिसतो.

म्हणून कोलेस्टेरॉलसाठी ही गोळी मागू नका, त्याला स्टॅटिन आहे. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतायत आणि वय पन्नाशीचं आहे, तर लाज न बाळगता डॉक्टरांना विचारा. सत्तरीच्या नानीसाठी नव्याने सुरू करू नका. स्तनाचा कॅन्सर, स्ट्रोक किंवा गुठळी होऊन गेलेल्यांनी सहसा दूरच राहावं. आणि गर्भाशय असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका असतो, तो इशारा एफडीएनेही काढलेला नाही.