‘संस्कृतिसंघर्ष’ नावाची पळवाट

पौर्वात्य नायिका, पाश्चात्त्य नायक आणि विफल प्रेम अशी कादंबरी अभ्यासाला आली, की आपल्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून एक शब्द हमखास ऐकू येतो : संस्कृतिसंघर्ष. विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही त्याला गुणही देत आलो आहोत. आमचा आक्षेप याच शब्दाला आहे. मिर्चा एलियाद आणि मैत्रेयी देवी यांच्या दोन पुस्तकांच्या आधारे तो मांडतो.

हकीकत सर्वज्ञात आहे. १९३० साली २३ वर्षांचा रुमानियन अभ्यासक एलियाद कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय तत्त्वज्ञान शिकत होता आणि त्यांच्याच घरी राहत होता. गुरुकन्या मैत्रेयी १६ वर्षांची, कविता लिहिणारी. प्रेम उघडकीस आले आणि शिष्याला घर सोडावे लागले. १९३३ मध्ये त्याने रुमानियन भाषेत ‘मैत्रेयी’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये तिने बंगालीत ‘न हन्यते’ लिहिली.

दोन संस्कृतींत अंतर नव्हते, असे आमचे म्हणणे नाही. एलियादच्या कादंबरीत नायक ॲलनला वाटते, की हे कुटुंब आपल्याला जावई करून घेणार. घरच्यांच्या मनात मात्र त्याला मुलगा मानून दत्तक घेण्याचा विचार असतो. हा खरा सांस्कृतिक गैरसमज. पण गैरसमज बोलून दूर होऊ शकतो. ताटातूट होते ती पित्याच्या निर्णयाने. ‘न हन्यते’मधील पिता मुलीच्या बुद्धीचा अभिमान बाळगतो, परदेशी शिष्याला ज्ञान मुक्तहस्ते देतो, मुलीच्या निवडीला मात्र त्याच्या लेखी किंमत नाही. याला ‘भारतीय संस्कृती’ म्हटले, की पिता जबाबदारीतून सुटतो.

लेखकही असाच सुटतो. एलियादने नायकाला काल्पनिक नाव दिले, नायिकेचे मात्र खरेच ठेवले. तिच्या रात्रीच्या भेटी रंगवल्या. शेवटी, घरच्यांनी हाकलून द्यावे म्हणून ती एका फळविक्याला देह देते, असेही लिहिले. मैत्रेयी देवींनी त्या भेटी साफ नाकारल्या. हयात असलेल्या स्त्रीचे नाव असे वापरणे कोणत्या संस्कृतीत बसते? येथे प्रश्न आहे तो लेखणी कोणाच्या हाती होती याचा. पुस्तकात नेमके काय आहे हे तिला १९७२ मध्ये सविस्तर कळले, १९७३ मध्ये ती शिकागोला जाऊन त्याला भेटली, आणि मगच लिहिती झाली. तिने स्वतःचे नाव बदलून अमृता केले; त्याचे ‘मिर्चा’ कायम ठेवून पुढे ‘युक्लिड’ जोडले. समीक्षकांनी या नामकरणाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे होते.

‘न हन्यते’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही आपल्याकडे पुष्कळदा ते ‘मैत्रेयी’चे उत्तर एवढ्यापुरतेच शिकवले जाते. आमची मागणी साधी आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत, आणि ‘संस्कृतिसंघर्ष स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी विचारावे : निर्णय कोणी घेतला, कथा कोणी सांगितली आणि बदनामी कोणाच्या वाट्याला आली?

हा वाद केवळ अभ्यासक्रमाचा नाही. परजातीतला, परधर्मातला जोडीदार निवडणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना घरी ‘आपली संस्कृती’ हेच शब्द ऐकवले जातात. त्या शब्दांआड कोण उभे आहे, हे ओळखायला त्यांनी वर्गात शिकावे. ते आम्ही शिकवणार नसू, तर या कादंबऱ्या शिकवण्याचे प्रयोजन काय?