नकाशा आधी दाखवा

पाचूबंदरच्या नाखवांनो, खलाशांनो आणि वलांडीवर बोंबील घालणाऱ्या बायांनो,

उत्तन-विरार सागरी सेतूचा एक जोडरस्ता वसईत उतरणार आहे. खांब कोणत्या पाण्यात पडतील, काम चालू असताना होड्यांनी कुठून जायचं, हे गावात जो तो शेजाऱ्याला विचारतोय. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना मात्र कुणी विचारत नाही. वाढवण बंदराची जनसुनावणी आठवा. 19 जानेवारी 2024 ला ती झाली, 30 ऑगस्टला पायाभरणीही उरकली. सुनावणीच्या दिवशी कागद हाती घेऊन वाचायचं म्हटलं तर फार उशीर झालेला असतो.

2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यात कोळीवाडे, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा दाखवायच्या असतात. आपली वलांडी त्यात आहे का, हे आधी डोळ्यांनी बघा. नसेल, तर उद्या साहेबांच्या लेखी ती मोकळी जमीन.

बघायचं कसं? महापालिका आणि जिल्हा कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना दस्तऐवज पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा 2018 चा आदेश आहे. फार थोड्यांना तो ठाऊक आहे, आणि कार्यालयंही स्वतःहून सांगत नाहीत. सेतूचे कागद एमएमआरडीएकडे; तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपये फी, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं नोव्हेंबर 2025 पासून आणखी सोपं झालंय, तेव्हा माणसांची नावं मागत बसू नका. आखणीचा नकाशा, मासेमारीवरच्या परिणामाचा अहवाल आणि बैठकांची इतिवृत्तं मागा.

अहवाल इंग्रजीत आला तर मराठी प्रतीसाठी लेखी मागणी करा. 2020 चा पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा केंद्र सरकारने फक्त इंग्रजी-हिंदीत काढला होता. तो इतर भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

येत्या सोमवारी कागद बघायला प्रत्येक आळीतून दोघं तरी चला, त्यात एक बाई हवीच. सुकवणीची जागा तिच्याइतकी कुणाला ठाऊक? मिळालेला कागद मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावा. कुणाच्या कपाटात ठेवू नका. कपाटात तर सरकारच ठेवतं.