सेलूचे पदवीधर आणि जैवतंत्रज्ञानाचे बिनवारसी प्रश्न

एकाच प्रदेशातून परस्परविरोधी अशा दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येत असतील, तर त्यांतील एक खोटी असली पाहिजे, असे सामान्यतः मानले जाते. जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तसे नाही. नवे उद्योग काढू पाहणारे म्हणतात, कल्पना आहेत, पण काम करणारी तयार माणसे मिळत नाहीत. विद्यापीठांतून बाहेर पडलेले पदवीधर म्हणतात, आम्ही तयार आहोत, पण हाती घ्यावे असे कामच नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मग या दोघांची गाठ का पडत नाही? 'माहितीचा अभाव' असे उत्तर देऊन सरकारी सल्लागार मोकळे होतात. मेळावे भरवावेत, कल्पनावाल्यांची आणि कौशल्यवाल्यांची ओळख करून द्यावी, म्हणजे उरलेले काम बाजार करील, अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत तपासायची तर पुणे-बंगळूरपेक्षा परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या गावाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

सेलू हे तालुक्याचे ठिकाण. दुधनेचे खोरे, काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, मोंढा आणि जिनिंगचे कारखाने ही त्याची ओळख. निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर ते वसलेले असल्याने एका बाजूस जालना आणि दुसऱ्या बाजूस परभणी, नांदेड व थेट हैदराबाद अशी त्याची जोडणी आहे. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते मराठवाड्याला कोणी कृपा म्हणून दिलेले नाही, त्यासाठी या भागातील जनतेने आंदोलन केले होते. त्याच विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरला आहे. नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. म्हणजे शिक्षणाची सोय नाही, असे आता म्हणता येणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, कृषी अशा विषयांत पदव्या घेतलेली मुले-मुली आता गावोगावी आहेत. त्यांतील काही हैदराबादेस औषधांच्या कारखान्यात पाळीवर जातात. पुष्कळजण पुण्यात खोली घेऊन अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके पाठ करीत वर्षे काढतात. उरलेले खत-बियाण्यांच्या दुकानात बसतात किंवा बापाच्या शेतावर परततात. निजामी राजवटीत मराठवाड्याचा विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जात असे. आता शिक्षण घरी होते आणि कामासाठी तीच गाडी पकडावी लागते, एवढाच फरक.

आता कामाची बाजू पाहू. जैवतंत्रज्ञान म्हटले की काचेच्या इमारती आणि कोट्यवधींची यंत्रे डोळ्यांसमोर येतात. या विज्ञानाचा मोठा भाग त्याहून पुष्कळ साधा आहे. गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घेऊ. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली, पुढे दोन जनुकांचे वाण आले, आणि २०१७ च्या हंगामात त्याच वाणांवर गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. अळी त्या विषाला सरावली होती. या अळीविरुद्ध ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म परोपजीवी माशी उपयोगी पडते. ती अळी वर्गातील किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालते. तांदळातील पतंगाच्या अंड्यांवर तिची पैदास करून ती कागदी कार्डांवर शेतात लावता येते. परंतु ही कार्डे ताजी असावी लागतात, योग्य दिवशी पोचावी लागतात आणि पतंग उडू लागले आहेत की नाही, हे कामगंध सापळ्यांवरून कोणीतरी मोजत राहावे लागते. हे काम दूरच्या कारखान्याला परवडत नाही. पाच-सहा गावांच्या टापूत राहणाऱ्या, सूक्ष्मदर्शक हाताळता येणाऱ्या दोन-तीन माणसांनीच ते करावे असे आहे. तीच गोष्ट तुरीच्या मर रोगावर वापरायच्या ट्रायकोडर्माची आणि सोयाबीनला लावायच्या रायझोबियमची. परभणी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. जिवंत जंतूंचे खत उन्हात पडून राहिले की त्यात जिवंत असे काही उरत नाही, आणि दुकानातील पुडी जिवंत आहे की मेलेली, हे तालुक्याच्या गावी तपासून देणारा कोणी असतोच असे नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी शिकविला जाणारा जंतुगणनेचा प्रयोग ज्याला येतो, तो हे सांगू शकतो.

आणखी एक उदाहरण. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने परभणी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण प्रसृत केला. मराठवाड्यातील स्त्रियांच्या पंडुरोगावर ज्वारीच्या भाकरीतून उपाय होऊ शकेल, तर याहून मोलाची कल्पना कोणती? तथापि वाण प्रसृत होणे आणि तो ताटात पोचणे यांच्यामध्ये शुद्ध बियाण्याची पैदास, धान्यातील लोहाची तपासणी, वेगळी साठवण, अंगणवाडीशी बोलणी अशी दहा कामे असतात. ती विद्यापीठाची नव्हेत, कारण त्याचे काम संशोधनाचे. ती व्यापाऱ्याची नव्हेत, कारण त्यात नफा थोडा. असे हे बिनवारसी प्रश्न आहेत आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बिनकामाचे पदवीधर आहेत.

सरकारने काही केले नाही असे नाही. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ चा. त्याने २०१२ मध्ये 'बायरॅक' ही संस्था उभी केली. तिच्या एका योजनेतून नव्या कल्पनेला दीड वर्षासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून चाललेल्या व्हेंचर सेंटरसारख्या केंद्रांच्या आश्रयाने हे काम होते आणि त्यातून चांगले उद्योग निघाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथवर पोचायचे तर आधी इंग्रजीत सफाईदार अर्ज हवा, प्राथमिक प्रयोगाचे निष्कर्ष हवेत, आणि निकाल लागेपर्यंत पुण्यासारख्या शहरात राहण्याची ऐपत हवी. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो, तो थांबू शकतो. कोरडवाहू चार एकरांवर ज्याचे घर चालते, त्याला थांबता येत नाही. खरा अडसर माहितीचा नाही, थांबण्याच्या काळात खायचे काय, हा आहे. भांडवलशाहीचे भाट हा भाग नेमका वगळून नवउद्योगांच्या कथा सांगतात.

त्यांची सर्वांत आवडती कथा जेनेन्टेक या अमेरिकन कंपनीची आहे. ती नीट वाचली तर मात्र वेगळेच काही सांगते. १९७६ च्या जानेवारीत रॉबर्ट स्वान्सन हा तिशीही न गाठलेला तरुण हर्बर्ट बॉयर या शास्त्रज्ञाला भेटला. बॉयरने दहा मिनिटे देऊ केली होती, बोलणे तीन तास चालले. दोघांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घातले आणि कंपनी निघाली. १९७८ मध्ये जंतूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. कल्पना आणि माणूस यांची गाठ पडली की काय घडते, याचा हा नमुना म्हणून गौरव होतो. पण बॉयर हा कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठातील प्राध्यापक होता आणि जनुके जोडण्याची विद्या सार्वजनिक पैशावर चाललेल्या प्रयोगशाळांत सिद्ध झाली होती. स्वान्सनची नोकरी त्या वेळी गेलेली होती आणि तो बेकारभत्त्यावर दिवस काढीत होता! म्हणजे त्या तीन तासांच्या भेटीची दोन्ही बाजूंची शिदोरी समाजाने पुरविली होती. पुढचा नफा तेवढा भागधारकांच्या वाट्याला गेला.

आपल्याकडील बायोकॉनची कथाही अशीच जुळणीची आहे. ऑस्ट्रेलियात मद्यनिर्मितीचे शास्त्र शिकून आलेल्या किरण मजुमदार यांना भारतातील मद्य कारखान्यांत स्त्री म्हणून काम मिळेना. त्याच सुमारास आयर्लंडच्या एका कंपनीला भारतात भागीदार हवा होता. १९७८ साली बंगळुरात दहा हजार रुपयांवर काम सुरू झाले. पहिल्या उत्पादनांपैकी एक होते पपईच्या चिकापासून काढलेले पपेन. पपई काही बंगळुराचीच मिरास नव्हे.

पण सेलूला अधिक जवळचे उदाहरण जालन्याचे. बद्रीनारायण बारवाले हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले शेतकरी. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या भेंडीच्या वाणाचे बियाणे त्यांनी जालन्यात वाढविले, १९६४ साली महिको स्थापन केली आणि आसपासच्या शेतकऱ्यांना संकरित बीजोत्पादनाचे बारीक काम शिकवून एका उद्योगाचा पाया घातला. सार्वजनिक संस्थेची कल्पना आणि गावातील कसबी हात यांची ही गाठ मराठवाड्यातच पडली होती. त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो उगीच नव्हे. त्याच वर्षी मोन्सॅन्टोशी निम्म्या भागीची कंपनी निघाली आणि कथेचा दुसरा भाग सुरू झाला. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १२५० रुपये केवळ जनुकाचे मूल्य म्हणून घेतले जाऊ लागले. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली तेव्हा कोठे दर उतरले. मधल्या काळात नांदेडच्या सरकारी केंद्राचा, मराठवाडाभर पेरला जाणारा एन.एच.एच. ४४ हा संकरित कापूस बीटी नसल्यामुळे बाजारातून हटला. त्यात बीटी जनुक घालून तो महाबीजमार्फत परत आणावयास सुमारे दीड दशक गेले. वाण आपला, शेत आपले, शिकलेली मुलेही आपली होती. त्यांना एकत्र बसविणारे मात्र कोणी नव्हते.

तेव्हा नुसत्या गाठीभेटींनी भागणार नाही. आपल्याकडे या प्रकारच्या जुळणीचे दोन जुने प्रयोग आहेत आणि त्यांचे अनुभव उलटसुलट आहेत. पहिला सेवायोजन कार्यालयांचा. १९५९ च्या कायद्याने कारखानदारांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. कार्यालयांत बेकारांच्या याद्या वाढत गेल्या, कार्डांचे नूतनीकरण होत राहिले आणि एका पिढीचे तारुण्य बोलावण्याच्या पत्राची वाट पाहण्यात सरले. माणसांची नोंद होती, कामाची नव्हती. दुसरा प्रयोग रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात कामाचा आराखडा आधी तयार ठेवायचा, मागेल त्याला काम द्यायचे, न दिल्यास भत्ता द्यायचा, आणि यासाठी शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा, अशी रचना होती. तिच्या अंमलबजावणीतील खोट्या हजेरीपटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते खरेही आहे. परंतु तत्त्व चुकलेले नव्हते. पाझर तलाव खोदणाऱ्या हाताला जो न्याय लावला, तो सूक्ष्मदर्शक धरणाऱ्या हाताला का लावू नये?

असे करायचे तर आरंभ कामाच्या नोंदवहीपासून हवा. तालुक्यातील कोणत्या गावात कोणती कीड, कोणता रोग, कोणते वाया जाणारे द्रव्य हा अडथळा आहे, हे शेतकऱ्यांनी सांगायचे. परभणी विद्यापीठाने त्यांतील शास्त्रीयदृष्ट्या सुटण्याजोगे प्रश्न निवडायचे. ज्याला तो प्रश्न घ्यायचा आहे, त्याला किंवा तिला एक वर्षाचा निर्वाहभत्ता, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संध्याकाळनंतर काम करण्याची परवानगी आणि विद्यापीठातील एक मार्गदर्शक मिळावा. सरकारने पदव्युत्तरांना कारखान्यांत विद्यावेतनावर पाठविण्याच्या योजना पूर्वी चालविल्याच आहेत. कारखान्याऐवजी गावाकडे पाठविण्यास तत्त्वतः अडचण नसावी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, भत्ता घेऊन मुले वर्षभर बसून राहतील. काही राहतील. पन्नास लाखांचे अनुदान घेतलेले सगळेच यशस्वी होतात असेही नाही, परंतु तेथे अपयशाला 'जोखीम' हे भारदस्त नाव आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यश मिळाले तर मालकी कोणाची? प्रश्न गावाचा, पैसा जनतेचा, हात पदवीधराचा आणि अखेरीस मोठी कंपनी येऊन सगळे उचलून नेणार, असे होऊ शकते. जालन्याच्या इतिहासाचा दुसरा भाग विसरता येत नाही. म्हणून प्रत्येक कामाचा करार आरंभीच व्हावा आणि उत्पादन सहकारी संस्थेने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने करावे. काम करणाऱ्याला तिच्यात भाग असावा आणि हक्क बाहेर विकण्यास सभासदांची संमती लागावी. सहकाराची आपल्याकडे झालेली दशा पाहता कोणी हसेल. पण साखरसम्राटांनी सहकार बिघडविला म्हणून मोन्सॅन्टोचा मार्ग पत्करावा, हा तर्क चमत्कारिक आहे.

मुंबईच्या आदेशाची वाट पाहत हे काम थांबविण्याचे कारण नाही. सेलू तालुक्यातील कार्यकर्त्यांना पेरणीपूर्वी चार-पाच गावांत बैठका घेऊन प्रश्नांची पहिली यादी करता येईल. गेल्या दहा वर्षांत विज्ञान किंवा कृषी विषयाची पदवी घेतलेल्यांची गावनिहाय नावे त्याच बैठकांत मिळतील. लग्न होऊन तालुक्यात आलेल्या शिक्षित मुलींचीही नावे घ्यावीत, कारण त्या कोणत्याच यादीत नसतात. दोन्ही याद्या घेऊन परभणीस कुलगुरूंकडे आणि येथील महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे शिष्टमंडळ न्यावे. पहिली मागणी ट्रायकोकार्डांच्या केंद्राची असावी, कारण त्याला लागणारी सामग्री स्वस्त आहे आणि बोंडअळीचा पतंग कापसाला पात्या-फुले लागताच उडू लागतो.