अंदाजपंचे नव्हे, कानांची कसोटी

संपादक महोदय,

रात्री उडणारे स्थलांतरित पक्षी आवाजावरून ओळखणे ही ‘संगणकाने लावलेली नवी हौस’ आहे, असे आपल्या गेल्या अंकातील लेख म्हणतो. इतिहास वेगळा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका टेकडीवर पक्षिनिरीक्षक ऑरिन लिबी यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये एका रात्रीत तीन हजारांहून अधिक हाका मोजल्या, त्याही नुसत्या कानांनी.

‘सगळ्या हाका सारख्याच’ हे विधानही टिकत नाही. स्वेन्सन्स थ्रशची हाक म्हणजे बेडकासारखी छोटी, गोल शीळ. ती जाणत्या कानाला लगेच कळते. वॉर्बलर पक्ष्यांची हाक मात्र सेकंदाच्या दहाव्या भागात संपते, म्हणून तिचा ध्वनिआलेख काढून त्यात उमटणाऱ्या पट्ट्याचा आकार आणि चढउतार तपासतात. बिल इव्हान्स आणि मायकेल ओब्रायन या पक्षी-अभ्यासकांनी पूर्व उत्तर अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक जातींच्या अशा हाका २००२ मध्येच संकलित केल्या. काही वॉर्बलरच्या हाका वेगळ्या काढता येत नाहीत, हे खरे. त्यांची नोंद गटाच्या नावानेच होते. याला अंदाजपंचे म्हणणे अन्यायाचे आहे.

‘उपयोग काय?’ असेही लेख विचारतो. रडारला थवा दिसतो, जात कळत नाही; ती हाकेवरून कळते. शिकागोत रात्री उजळलेल्या इमारतींवर आदळून मेलेल्या पक्ष्यांच्या नोंदी अभ्यासल्यावर २०१९ मध्ये दिसले, की रात्री हाका देणाऱ्या जाती जास्त बळी पडतात. स्थलांतराच्या काळात इमारतींचे दिवे मालवायला एवढे कारण पुरे.

कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक, नाशिक